कडी कुठल्या बाजूला?

(वाशिम जिल्ह्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात, सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्तानं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

या मेळाव्याची पत्रिका छापायच्या आधी मला एका कार्यकर्तीचा फोन आला. "ताई, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "इमारतीतून बाहेर पडायच्या वाटांवर." पलीकडे जरा शांतता. मग हळूच विचारते, "म्हणजे बायकांच्या मुक्तीच्या वाटा ना?" मी म्हटलं, "नाही गं, खरोखरच्या वाटा. दार, जिना, खिडकी, कुलूप, किल्ली. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्यावर."

तुमच्यातल्याही काहींना वाटत असेल की हा विषय अग्निशमन दलाचा, इंजिनिअरचा, फार तर नगर परिषदेचा. सावित्रीबाईंच्या जयंतीला त्याचं काय काम? म्हणून सुरुवात आपल्या ओळखीच्या आगीपासून करते.

आपल्या चळवळीला आग नवीन नाही. 1980 च्या आसपास गावोगाव सुना जळत होत्या. पंचनाम्यात ठरलेलं वाक्य असायचं, 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून अपघात'. आपल्या बायका त्या घरी जायच्या आणि साधे प्रश्न विचारायच्या. स्टोव्ह कुठे आहे? त्यात रॉकेल किती होतं? घरातली बाकीची माणसं कुठे होती? आणि दाराची कडी कुठल्या बाजूनं लागलेली होती, आतून की बाहेरून? या प्रश्नांच्या रेट्यातूनच पुढे 1983 मध्ये 498-अ आणि 1986 मध्ये 304-ब ही कलमं आली. 'अपघात' हा शब्द आपण तसाच गिळायचा नाही, हे आपण तेव्हा शिकलो.

आज मला तोच कडीचा प्रश्न घराबाहेर घेऊन जायचा आहे. वसतिगृहात, कारखान्यात, दवाखान्यात. तिथेही आग लागते, तिथेही बायका मरतात, आणि तिथेही 'शॉर्ट सर्किटमुळे अपघात' असं लिहून कागद बंद होतो. आग कशानं लागली ते सगळे विचारतात. माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हे फार कमी जण विचारतात.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. इतक्या वर्षांत ती मी फार कमी ठिकाणी बोलले आहे.

मी नर्सिंगला होते. 1986 चा डिसेंबर. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच होतं. दुमजली वसतिगृह, वरच्या मजल्यावर आम्ही पन्नासेक मुली. खाली उतरायला एक जिना आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनल गेट. रात्री नऊला गेटला कुलूप लागायचं. खिडक्यांना गज. मागच्या बाजूला दुसरा जिनाही होता, पण त्याचं दार खिळे ठोकून बंद केलेलं. का, तर कधी काळी एक मुलगी त्या दारानं निघून सिनेमाला गेली होती म्हणे. त्या जिन्यात मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या होत्या.

मेसचं जेवण संध्याकाळी सातला संपायचं. ड्यूटीवरून उशिरा येणाऱ्या मुली उपाशी झोपायच्या. म्हणून आम्ही चौघींनी वर्गणी काढून एक कॉइलचा हीटर घेतला होता. तो ट्रंकेत लपवायचा आणि रात्री त्यावर खिचडी शिजवायची. हे नियमाविरुद्ध होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्या रात्री आमची एक मैत्रीण खिचडी लावून बसली होती. तिला मी सुमन म्हणते, ते तिचं खरं नाव नाही. थंडी होती, तिनं गादी हीटरजवळ ओढली होती आणि तिचा डोळा लागला.

मला जाग आली ती खोकल्यानं. दिवे गेलेले. धूर एवढा की शेजारच्या खाटेवरची मुलगी दिसेना. आम्ही भिंत चाचपत जिन्यानं खाली आलो आणि गेटपाशी थांबलो. गेटला कुलूप. किल्ली वॉर्डनबाईंजवळ, आणि त्या त्याच संध्याकाळी भावाच्या गावी गेलेल्या. बाहेरच्या चौकीदाराकडे किल्ली नव्हती. मागच्या मुली पुढे ढकलत होत्या, पुढच्या गेटवर दाबल्या जात होत्या. चौकीदारानं कुठून तरी पहार आणली आणि कुलूप तोडलं. किती वेळ लागला ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात सुमनला जिन्याकडे येता आलं नाही. ती गॅलरीत गेली आणि तिथून तिनं उडी टाकली. कमरेचं हाड मोडलं.

कुणी मेलं नाही. म्हणून बातमीही आली नाही.

मग चौकशी झाली. चौकशीत एकच प्रश्न होता, "हीटर कुणाचा?" सुमन तेव्हा खाटेवर होती. हीटर तिच्या गादीपाशी सापडला होता, म्हणून नाव तिचं लागलं. वर्गणी देणाऱ्या आम्ही बाकीच्या तिघी गप्प बसलो. मी गप्प बसले. सुमनला काढून टाकलं. ती नर्स झाली नाही, मी झाले. त्यानंतर आमच्या ट्रंका दर आठवड्याला तपासल्या जाऊ लागल्या आणि गेटला एकाऐवजी दोन कुलपं लागली. खिळे ठोकलेल्या दाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आम्हालाही ते सुचलं नाही. कुलूप आपल्या सुरक्षिततेसाठी आहे, हे आमच्या मनावर इतकं बिंबलेलं होतं.

आता नियम काय सांगतात ते पाहू. आपल्या राज्यात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' हा कायदा आहे. डिसेंबर 2008 पासून तो लागू झाला. त्याच्या नावातले दोन भाग लक्षात घ्या. एक आग प्रतिबंधक, दुसरा जीवसंरक्षक. आग लागू नये आणि लागली तर लवकर विझावी, हे पहिल्या भागाचं काम. ती विझेपर्यंत आतल्या माणसाचा जीव वाचावा, हे दुसऱ्याचं. आपण नळकांडं भिंतीला टांगतो आणि पहिलं काम झालं असं समजतो. दुसऱ्याकडे बघतच नाही.

जीवसंरक्षणाचं काम मुख्यतः वाटांचं आहे. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या वाटांबद्दल साध्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. बाहेर पडायचं दार निदान 1 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असावं. ते बाहेरच्या दिशेनं उघडावं, कारण माणसं घाबरून आतून ढकलतात आणि दार आत उघडणारं असलं तर त्या रेट्यानंच ते बंद राहतं. लिफ्ट ही बाहेर पडायची वाट धरायची नाही. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ते दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे.

किल्लीशिवाय. किल्ली कुणाकडे, ती भली बाई आहे की वाईट, जवळ राहते की लांब, हा प्रश्नच नियम उरू देत नाही. याचं कारण धुरात आहे. आगीत पुष्कळ माणसं ज्वाळा पोचण्याआधीच धुरानं जातात. जळणाऱ्या लाकडा-कापडाच्या, आणि त्याहून जास्त फोमच्या गादीच्या आणि प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. झोपलेलं माणूस त्यात जागं होईलच असं नाही, आणि जागं झालं तरी हातपाय चालत नाहीत. मिळतात ती मोजकी मिनिटं. ती किल्ली शोधण्यात घालवायची नसतात.

हे नियम कुठून आले, तर तिथेही बायकाच आहेत. 8 मार्चच्या भाषणांत आपण पुष्कळदा ऐकतो की न्यूयॉर्कच्या कारखान्यात बायका जळाल्या आणि त्यावरून महिला दिन सुरू झाला. हा क्रम बरोबर नाही. महिला दिनाची कल्पना क्लारा झेटकिन यांनी 1910 साली कोपनहेगनच्या परिषदेत मांडली. ती आग लागली 25 मार्च 1911 ला, ट्रँगल नावाच्या ब्लाउज शिवायच्या कारखान्यात. इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर हा कारखाना होता. 146 कामगार गेले, त्यांतल्या 123 बायका आणि मुली. बहुतेक ज्यू आणि इटालियन, पोटासाठी परदेशातून आलेल्या. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. मुलींनी माल चोरून नेऊ नये, एकाच दारानं झडती देऊन बाहेर पडावं, म्हणून. बाहेरचा लोखंडी जिना वजनानं कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. पुष्कळ मुलींनी वरून उड्या टाकल्या. या मुलींच्या धंद्यातल्या हजारो जणींनी 1909 च्या हिवाळ्यातच मोठा संप केला होता.

कारखान्याचे मालक खटल्यातून सुटले. पण बायकांनी आणि कामगार संघटनांनी विषय सोडला नाही. ती आग रस्त्यावर उभं राहून पाहणारी फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुण कार्यकर्ती पुढे कारखान्यांच्या सुरक्षेच्या चौकशीत उतरली आणि 1933 मध्ये अमेरिकेची पहिली महिला केंद्रीय मंत्री झाली, कामगार खात्याची. 1913 मध्ये तिथल्या अग्निसंरक्षण संघटनेनं 'जिवाच्या सुरक्षिततेसाठी' म्हणून वेगळी समिती नेमली. जिने, दारं, कुलपं यांच्या नियमांची आखीव सुरुवात तिथून झाली. तेव्हा या विषयात आपलं काय काम, असं म्हणू नका. ही वाट बायकांनी जीव देऊन काढलेली आहे.

आपल्याजवळचं उदाहरण घ्या. 7 जून 2021 ला पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे रसायनांच्या एका कारखान्याला आग लागली. 17 कामगार गेले, त्यांत 15 बाया. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, पॅकिंगच्या कामाला लागलेल्या. आत जायला जेसीबीनं भिंत फोडावी लागली. प्रेतं ओळखू येत नव्हती, डीएनए तपासून नातेवाइकांच्या ताब्यात द्यावी लागली. भिंत बाहेरून फोडावी लागते याचा अर्थ काय, हे तुम्हीच सांगा.

आणि एक उदाहरण लांबचं, पण ते मला झोपू देत नाही. ग्वाटेमाला नावाच्या देशात सरकारचं मुलामुलींसाठी एक संरक्षणगृह होतं. त्याच्या नावातच 'सुरक्षित घर' असे शब्द होते. तिथे होणाऱ्या छळाला कंटाळून मुली पळाल्या. त्यांना पकडून आणलं आणि 56 जणींना एका खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या गादीला आग लागली. मुली आतून किंचाळत होत्या आणि दार लगेच उघडलं गेलं नाही. 41 मुली गेल्या. तारीख होती 8 मार्च 2017. सगळं जग महिला दिन साजरा करत होतं.

कारखान्यात कुलूप लागतं मालाच्या राखणीसाठी. वसतिगृहात, संरक्षणगृहात कुलूप लागतं बाईच्या राखणीसाठी. म्हणजे बाईकडे मालासारखंच पाहिलं जातं. दोन्हीकडे किल्ली दुसऱ्याच्या हातात. मुलांच्या वसतिगृहाची मागची भिंत ओलांडून मुलं सिनेमाला जातात तेव्हा लोक हसतात. त्यांच्या जिन्याला कुणी खिळे ठोकत नाही.

आता भंडाऱ्याबद्दल. मी नर्स होते, म्हणून हे जरा जास्त बोलणार आहे. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. काही भाजून, बाकीची धुरानं गुदमरून. त्या आयांनी आपली बाळं सरकारवर विश्वास ठेवून तिथे सोपवली होती. रुग्णालयात आग विझवण्याची यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, हे नंतर उघड झालं.

चौकशी झाली. त्या वेळी कक्षात परिचारिका हजर नव्हती, असा ठपका आला. जिल्हा शल्यचिकित्सकांनाही निलंबित केलं, हे सांगायला हवं. पण पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्ण दगावले. तिथेही अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना.

मी असं म्हणत नाही की नर्सची चूक कधी नसते. रात्रीच्या ड्यूटीवर चूक काय असते ते मला माहीत आहे, माझ्याही झाल्या आहेत. ज्या आईचं बाळ गेलं तिला हा प्रश्न विचारायचा हक्क आहेच की, तू कुठे होतीस? पण दुसरा प्रश्नही विचारायला हवा. धुराची घंटा होती का? बाळं उचलून न्यायला दुसरं दार होतं का? वायरिंगवर किती भार होता, तो शेवटचा कुणी तपासला? एका बाईनं दोन हातांनी किती बाळं उचलायची? खर्चाच्या प्रस्तावावर सही न करणारा हात कुणाला दिसत नाही. रात्री तिथे असणारी बाई दिसते. मला तर यात आमचा हीटरच दिसतो. "हीटर कुणाचा" विचारलं की चौकशी संपली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. मानोऱ्याच्या तांड्यांवरून, रिसोड-मालेगावच्या खेड्यांमधून मुली शिकायला वाशिमला, कारंजाला, मंगरुळपीरला येतात. अकरावी-बारावी, नर्सिंग, पोलीस भरती. ही आपल्या सगळ्यांच्या आनंदाची गोष्ट आहे. पण त्या राहतात कुठे? दुकानाच्या वर भाड्यानं घेतलेल्या मजल्यावर. एक अरुंद जिना, त्यात घरमालकाच्या मोटरसायकली, जिन्याखाली मीटरचा बोर्ड, खाली गॅस सिलिंडरवर चालणारं हॉटेल आणि जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट. आग लागली तर ती लागण्याची जागा आणि बाहेर पडायची वाट एकच. अभ्यासिका अशाच. छोटे दवाखाने असेच. मंगल कार्यालयात हजार माणसं जेवतात आणि मागच्या दारापुढे खुर्च्यांची थप्पी असते. कापसाच्या हंगामात बाया जिथे कामाला जातात तिथे एका ठिणगीनं काय होतं, हे त्यांना मी सांगायला नको.

अशा एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही चौघी-पाचजणी गेलो होतो. वॉर्डनबाई चांगल्या, मुलींवर माया करणाऱ्या. गेटचं विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, पोरीयची जबाबदारी हाय माह्यावर. चाबी मी उशाखालीच ठेवतो. काही झालं तं उघडतोच ना मी." मी विचारलं, "तुम्हीच धुरात सापडल्या तर?" त्या गप्प झाल्या. तिथेच एक आई मुलीला भेटायला आली होती. ती मधेच म्हणाली, "कुलूप नसलं तं मी पोरीले इथं ठेवणारच नाही. गावात लोक काय म्हन्तीन?"

मैत्रिणींनो, या आईला मागासलेली म्हणून मोडीत काढू नका. तिची भीती खोटी नाही. बाहेर टवाळ पोरं आहेत, वाईट माणसं आहेत. आणि कुलूप काढायला लावलं, तर ती मुलीचं शिक्षणच काढून घेईल. मग आपण काय मिळवलं? म्हणून तिला असं सांगायचं की बाहेरच्याला आत येता येऊ नये, हे आम्हालाही हवं आहे. पण आतल्या मुलीला बाहेर पडता यावं, हेही हवं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकाच दारात दोन्ही जमतात. बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारी आणि आतून हातानं फिरवली की उघडणारी लॅच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दार उघडलं की वाजणारी घंटा बसवता येते, म्हणजे रात्री कुणी बाहेर पडलं तर वॉर्डनला कळतं. रात्रपाळीची बाई ठेवता येते. कुलूप स्वस्त पडतं, बाईला पगार द्यावा लागतो. खरी अडचण तिथे आहे.

त्या वॉर्डनबाईंनी निदान एक केलं. दुसरी किल्ली गेटच्या आतल्या बाजूला, काचेच्या छोट्या पेटीत टांगली. हा उपाय पुरेसा नाही, नियमात बसतही नाही. लॅच बसेपर्यंतची ती सोय आहे. पण पूर्वी जी किल्ली एका उशाखाली होती ती आता मुलींच्या हाताच्या अंतरावर आहे.

आता आपण काय करायचं ते सांगून संपवते. लिहून घ्या.

पहिलं, बघायला शिका. ज्या इमारतीत बायका झोपतात, काम करतात, उपचार घेतात तिथे जाऊन मोजा. बाहेर पडायच्या वाटा किती? त्या एकमेकींपासून लांब आहेत, की एकाच धुरात दोन्ही सापडतील? दार कुणीकडे उघडतं? कुलूप कुठे, किल्ली कुठे? जिन्यात काय ठेवलंय? खिडकीच्या गजांचा एक भाग आतून उघडता येतो का?

दुसरं, कागद मागा. 2006 च्या कायद्यानं जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि ताबेदारावर, म्हणजे जागा भाड्यानं घेणाऱ्या संस्थेवरही, टाकली आहे. इमारत केवढी आणि वापर कशाचा, यावरून कुठली साधनं लागतात ते ठरतं. ती चालू स्थितीत आहेत असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. आज जानेवारी आहे. संस्थेला विचारा, या जानेवारीचं प्रमाणपत्र दाखवा. नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकारात, 10 रुपयांचं तिकीट लावून, नगर परिषदेकडे प्रत मागा.

तिसरं, शाळा सोडू नका. 2004 मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं जळून गेली. त्यानंतरच्या खटल्यात एप्रिल 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका आहेत. तिथे हा विषय ठरावावर घ्या.

चौथं, तालीम करा. महिन्यातून एकदा, आणि वसतिगृहात एकदा तरी रात्री, दिवे घालवून. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत रांगत जायचं, कारण धूर वर चढतो. सामान घ्यायला परत फिरायचं नाही. दार गरम लागलं तर उघडायचं नाही. बाहेर ठरलेल्या जागी जमून मोजणी करायची. 101 आणि 112 हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आजारी, गरोदर, अपंग बाईला कोण नेणार, हे आधीच ठरवा.

पाचवं, उपाशी मुलगी हीटर लपवते. वसतिगृहात आगीचे नियम करताना मुलींना विचारा, रात्री भूक लागते का, कपडे कुठे वाळवता, मोबाइल कुठे चार्ज करता, पाणी कशावर तापवता. नुसत्या बंदीनं वस्तू जात नाहीत, त्या गादीखाली जातात.

आणि सहावं, कुठे आग लागलीच, तर बातमीतल्या 'शॉर्ट सर्किट' या शब्दावर थांबू नका. जा, आणि आपला जुना प्रश्न विचारा.

काही वर्षांपूर्वी मी सुमनला शोधत गेले. इतक्या वर्षांची माफी मागायची होती. ती आता आजी झाली आहे, कंबर अजून दुखते, वाकून चालते. मी म्हटलं, "हीटर आपला चौघींचा होता, मी बोलायला हवं होतं." तिनं चहा पुढे केला. मग म्हणाली, "हीटर लावून मी झोपली, हे खरं हाय. पण गेटाले कुलूप मी नव्हतं लावलं. ते काहून नाही विचारलं कोनं?"

आज रात्री झोपायच्या आधी आपापल्या दारापाशी एकदा उभ्या राहा. उद्या आपल्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या दारापाशी. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एका इमारतीची माहिती घेऊन यायची आहे. मी वही घेऊन बसणार आहे.